इंजिन थंड असताना गाडी दाखवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा नाशिकचा. चार वर्षांपासून जर्मनीत ब्योब्लिंगेनला राहतो, नोकरी लुडविग्सबुर्गला. रोज जाऊन-येऊन साधारण 70 किलोमीटर होतात. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी; उन्हाळ्यात आई-बाबा येतात तेव्हा आम्ही पाच जण. वेगवान गाडीची ओढ मला शाळेपासून आहे, पण आता सामानाला जागाही हवी. म्हणून जुनी, ताकदवान इस्टेट, म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेली गाडी, घ्यायची आणि तीच रोज चालवायची असं ठरवलंय. साठवलेले 32,000 युरो आहेत, कर्ज काढायचं नाही. तीन गाड्या पाहून ठेवल्यात (अवांत, टी-मॉडेल, कोम्बी ही त्या-त्या कंपनीची इस्टेटचीच नावं). ऑडी एस-6 अवांत, 2013 ची, 1,48,000 किलोमीटर, डीलरकडे, 27,900 युरो. मर्सिडीज ई-63 एएमजी टी-मॉडेल, 2010 ची, 1,61,000 किलोमीटर, मालक स्वतः विकतोय, 29,500. आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 कोम्बी, 2018 ची, 64,000 किलोमीटर, डीलरकडे, 23,800. मन एस-6 वर आहे. बायको म्हणते ऑक्टाव्हिया. तुम्ही काय सांगाल?
— अ. प., ब्योब्लिंगेन

उत्तर : तुमच्या पत्रात सगळे आकडे आहेत, फक्त एक नाही. गाडी दारात उभी राहिल्यावर हातात किती उरणार? तो मी काढला. एस-6 घेतलीत तर 4,100 युरो, ई-63 घेतलीत तर 2,500, ऑक्टाव्हिया घेतलीत तर 8,200. माझं सगळं उत्तर या तीन आकड्यांभोवती फिरणार आहे, म्हणून ते आधी लिहिले.

एस-6 नवी होती तेव्हा पहिल्या मालकाने तिच्यासाठी सत्तर हजार युरोंच्या वर मोजले. ई-63 तर लाखाच्या पलीकडची गाडी. आज त्या तुमच्या आवाक्यात आल्या, कारण वय आणि किलोमीटर वाढले की बाजारभाव उतरतो. पण त्यांच्या ब्रेकच्या डिस्क, शॉकअप, टायर, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) यांना गाडीचं वय कळत नाही. ते अजूनही सत्तर हजारांच्या आणि लाखाच्या गाडीचेच भाग आहेत आणि त्याच भावाने येतात. कामगाराचा ताशी दर तर दरवर्षी वरच चढतो. अशी गाडी अठ्ठावीस हजारांना मिळाली, तरी ती सांभाळावी लागते सत्तर हजारांच्या गाडीसारखी. हे आधी पटवून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

आधी ई-63 बाजूला ठेवू. ते सोपं नाही, कारण त्या इंजिनावर माझा जीव आहे. नाव 63, प्रत्यक्षात 6,208 सीसी, टर्बो नाही, 525 पीएस (अश्वशक्ती), आणि आवाज असा की बोगद्यात काच खाली केल्याशिवाय राहवत नाही. पण याच एम-156 इंजिनात सिलिंडर हेडचे बोल्ट तुटण्याचा दोष सर्वांना माहीत आहे, आणि 2010 ची गाडी नेमकी त्या काळातली. बोल्ट तुटला की थंडाव्याचं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. कॅमशाफ्ट आणि टॅपेट, म्हणजे झडपा उघडणारे भाग, झिजण्याची तक्रारही जुनीच. बोल्ट बदलल्याचं बिल फाइलमध्ये नसेल तर ते काम तुमच्या डोक्यावर येणार, आणि खाली उरणार 2,500. शिवाय मालक स्वतः विकतोय, म्हणजे 'जशी आहे तशी' असं करारात लिहून तो मोकळा होऊ शकतो. 2010 ची ही गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते. जानेवारीत मिठाच्या चिखलात, मागच्या सीटवर मूल असताना, तिला रोज सांभाळण्यात तुमचा जीव दमेल. ही गाडी दुसरी गाडी म्हणून घ्यावी, एकुलती म्हणून नाही.

आता एस-6. तुमचं मन तिच्यावर आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सावकाश बोलते.

चार लिटरचं व्ही-8 (दोन रांगांत आठ सिलिंडर), दोन टर्बो, 420 पीएस, चारही चाकांना जोर, शून्यापासून शंभर 4.7 सेकंदांत, आणि मागे 565 लिटरची डिकी. हलक्या पायाने चालवली तर इंजिन चार सिलिंडर झोपवून चारांवर चालतं. कागदावर याहून शहाणी गाडी नाही. या इंजिनात टर्बो बाहेरच्या बाजूंना नाहीत, सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या दरीत बसवलेत. त्यामुळे प्रतिसाद चटकन येतो, पण ती दरी भट्टीसारखी तापते. टर्बोंना जाणारं तेल तिथल्या एका बारीक जाळीतून जातं. जळलेल्या तेलाचा काजळीसारखा गाळ त्या जाळीत अडकत जातो, टर्बोला तेल कमी पडतं, आणि एक दिवस टर्बोचा दांडा जातो. अमेरिकेत याच कारणासाठी या इंजिनाच्या गाड्या परत बोलावून जाळी बदलली गेली. म्हणून डीलरला पहिला प्रश्न हाच : जाळी बदलली आहे का, आणि त्याचा कागद कुठे आहे? 'आमच्याकडे कधी तक्रार आली नाही' हे उत्तर धरायचं नाही. कागद दाखवा, एवढंच.

दुसरा कागद तेलाचा. फोक्सवागन समूहाच्या लाँगलाइफ पद्धतीत तेल 30,000 किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत चालवायची मुभा असते. नियमाप्रमाणे वागलेला मालक चुकलेला नसतो, पण भट्टीत बसलेल्या दोन टर्बोंना ते तेल फार जुनं होतं. सर्व्हिसच्या वहीत पंधरा हजारांच्या आत तेल बदललेलं दिसलं तर त्या मालकाला गाडी कळत होती असं समजा. तिसरा कागद गिअरबॉक्सचा. सात गिअरच्या एस-ट्रॉनिकचं तेल आणि फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलायचं असतं. 1,48,000 वर ते दोनदा झालेलं असायला हवं. एकदाच झालं असेल तर पुढचं तुमच्या खर्चात धरा. एकदाही नसेल तर गाडी सोडा.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट, कारण या स्तंभाचं नाव मी त्यावरूनच ठेवलंय.

फेब्रुवारी 2011 मध्ये मी माझी पहिली आठ सिलिंडरची कोम्बी घेतली. (जर्मनीत इस्टेटला कोम्बी म्हणतात. घरी फोनवर 'इस्टेट घेतली' म्हटलं तेव्हा आईला वाटलं मी जमीन घेतली. तेव्हापासून मी कोम्बीच म्हणते.) माझं काम ब्रेकच्या चाचण्यांचं, त्यामुळे विकणाऱ्याच्या अंगणात मी गुडघे टेकून तासभर डिस्क, पॅड, नळ्या पाहिल्या. ब्रेक उत्तम होते. मालक म्हणाला, तुम्ही येणार म्हणून आत्ताच धुऊन आणली. बॉनेट गरम होतं. मला ते जाणवलं आणि मी त्यावर विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उणे सात अंशांत, माझ्या स्वतःच्या गॅरेजमध्ये चावी फिरवली आणि इंजिनाच्या मागून तीन सेकंद साखळी खडखडली, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावे तशी. ही साखळी, म्हणजे झडपांची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन, गिअरबॉक्सच्या बाजूला होती, म्हणजे इंजिन बाहेर काढल्याशिवाय तिथे हात पोचत नव्हता. बिल आलं 5,300 युरो. मी तेव्हा कर्ज काढून ते भरलं, आणि माझ्या धाकटीच्या शाळेची सहल त्या वर्षी हुकली. ते मला अजून लागतं.

एस-6 च्या या व्ही-8 मध्येही साखळ्या मागच्याच बाजूला आहेत. म्हणून डीलरला फोनवर सांगा : मी सकाळी उघडल्या उघडल्या येतो, तोपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी हात बॉनेटवर ठेवा. गरम असेल तर नमस्कार करून परत या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड असेल तर बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्या कुणाला चावी फिरवायला सांगा, तुम्ही इंजिनापाशी उभे राहा. पहिल्या पाच सेकंदांत जे ऐकू येतं ते पुढच्या तासाभराच्या फेरीत ऐकू येत नाही. मग मागे जाऊन धूर पाहा. पांढरी वाफ थंडीत असतेच. निळसर, तेलकट वासाचा धूर टर्बोची बातमी देतो. एस-6 ला एअर सस्पेन्शन आहे, तेव्हा आदल्या रात्री ती सपाट उभी होती का आणि सकाळी एखादा कोपरा खाली बसलाय का, तेही पाहा.

ब्रेकबद्दल थोडं जास्त लिहिते, हा माझा आयुष्यभराचा विषय आहे. लोक अशा गाडीचं इंजिन पाहतात. पण दोन टनांची गाडी ताशी 200 वरून थांबवायची तर शंभरच्या चौपट ऊर्जा जिरवावी लागते, दुप्पट नव्हे. हवेचा अडथळा सोडला तर त्या एका थांबण्यात नऊ लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता चार डिस्कमध्ये उतरते. तुमच्या ए-81 महामार्गावर हे रोज घडू शकतं : मोकळा रस्ता, वेग, आणि मग एंगेलबेर्ग बोगद्याच्या तोंडाशी अचानक लाल दिव्यांची रांग. म्हणून डिस्कच्या कडेवरून नख फिरवा. ठळक कंगोरा लागला तर डिस्क झिजली आहे. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, मेकॅनिककडून मापून घ्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललेलं हवं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग लवकर उकळतं. उकळलं की पेडल जमिनीला लागतं. फेरीत 130 वरून जोरात, सरळ ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्कचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

टायर पाहिले की मालक कळतो. चारही एकाच कंपनीचे, चांगल्या दर्जाचे, आतल्या कडेला न झिजलेले असतील तर तो खर्चाला कचरत नव्हता. पुढे एक, मागे तिसरेच स्वस्तातले असतील तर त्याने तेलातही काटकसर केली असेल. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. हिवाळी संच सोबत मिळतोय का ते विचारा, आणि त्यावर डोंगर-हिमकणाची खूण आहे का ते पाहा. एस-6 ला 19 किंवा 20 इंची टायर लागतात. असा एक नवा संच म्हणजे तुमच्या उरलेल्या 4,100 मधला मोठा घास.

चिप बसवली आहे का, हेही विचारा. कागदपत्रांत नोंद न करता ताकद वाढवली असेल तर गाडीची रस्त्यावरची परवानगीच संपते, आणि अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. लहान मूल असलेल्या घरात ही जोखीम नको.

कर मात्र लोकांना वाटतो तेवढा भारी नाही. 2009 च्या जुलैनंतर नोंदलेल्या पेट्रोल गाडीला दर 100 सीसीमागे 2 युरो. म्हणजे एस-6 ला वर्षाला 80, ऑक्टाव्हियाला 40, कार्बन डायऑक्साइडचा भाग वेगळा. खरा फरक विम्यात पडतो. इथे येऊन तुम्हाला चारच वर्षं झाली, विनाअपघात वर्षं थोडीच साठलीत. नोंदणीपत्रावरचे 2.1 आणि 2.2 या चौकटींतले क्रमांक डीलरकडून मागून घ्या आणि गाडी बघायला जाण्याआधी फुल-कॅस्कोचा (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या विम्याचा) भाव काढा. पेट्रोलचा हिशोब मी केला : वर्षाला 15,000 किलोमीटर, एस-6 शंभराला साडेबारा लिटर, ऑक्टाव्हिया साडेआठ. फरक 600 लिटरचा. लिटरला 1 युरो 80 सेंट धरले तर वर्षाला 1,080 युरो.

डीलरकडून घेताना एक कागद नीट वाचा. व्यावसायिक विक्रेत्याला ग्राहकाला विकलेल्या जुन्या गाडीतल्या दोषांची जबाबदारी निदान एक वर्ष घ्यावी लागते, आणि 2022 पासून पहिल्या बारा महिन्यांत दोष दिसला तर तो विकताना नव्हता हे सिद्ध करणं त्याच्याकडे असतं. पण करारात 'इम कुंडेनआउफट्राग' असं असेल तर तो फक्त मधला माणूस, खरा विकणारा खासगी. मग ही सगळी ढाल गेली. तो शब्द दिसला तर सही करू नका.

ऑक्टाव्हियाबद्दल मी कमी लिहिलं, कारण तिच्याबद्दल घाबरण्यासारखं कमी आहे. 245 पीएस, पुढच्या चाकांना जोर, पण पुढे खरा डिफरेन्शियल लॉक (एक चाक घसरलं तर जोर दुसऱ्याला देणारी यंत्रणा) आहे, त्यामुळे ओल्या वळणातून ती नाक न सोडता बाहेर पडते. डिकी 610 लिटर, म्हणजे तुमच्या स्वप्नातल्या ऑडीपेक्षा मोठी. इंजिन असं की कुठल्याही गावातला गॅरेजवाला डोळे मिटून खोलतो. थंड इंजिन, टायर, ब्रेक, कागद ही तपासणी तिलाही तशीच करा. वेगासाठी घेतलेली ही गाडी आहे, तिलाही कुणीतरी पिटाळलं असेलच.

माझं मत : आज, या पैशांत, ऑक्टाव्हिया. बायकोचं बरोबर आहे. पण एक सांगते, आणि हे मनापासून. रोज सकाळी बोगद्याच्या रांगेत शेजारी एस-6 आली की तुमचा जीव तिच्यातच अडकणार असेल, तर ऑक्टाव्हियाही घेऊ नका. मग आणखी वर्षभर साधी गाडी चालवा, दहा हजार बाजूला टाका, आणि तिन्ही कागद असलेली एस-6 शोधा. माझी ती कोम्बी मी त्या बिलानंतर विकली नाही, पुढे नऊ वर्षं चालवली. गणपतीत मंडळाच्या पथकाचं सामान तीच न्यायची : मागची सीट आडवी केली की तीन ढोल, ताशे आणि ध्वज आत जायचे. धाकटीला चेलो शिकायला नेलं तिच्यातच. पाऊस पडलेल्या श्वार्त्सवाल्डच्या (ब्लॅक फॉरेस्टच्या) वळणांवर ती जशी जमिनीला धरून राहायची तशी उंच एसयूव्ही राहूच शकत नाही, कितीही ताकद द्या. तुम्ही राहता तिथून जवळच, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनमध्ये, 1994 मध्ये पोर्शच्या कारखान्यात ऑडी आरएस-2 अवांत जुळवली जात होती : पाच सिलिंडर, 315 पीएस, आणि मागे कुत्रा, सायकल, पाळणा काहीही मावेल अशी जागा. त्या गाडीपासून हे वेड लागलेला माणूस मला परका वाटत नाही.

मुलीची सीट मात्र पाहणीला जाताना बरोबर न्या आणि तिथेच बसवून बघा. आई-बाबा आल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना दोघे बसू शकतात का, हे कागदावर कळत नाही.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांनी पुण्याला परतणार. इथे इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला, माझ्याकडे 2019 ची वेगवान इस्टेट आहे, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. जहाजाने नेता येईल का? तिकडे अशा गाड्या मिळतच नाहीत.
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : स्टिअरिंग उजवीकडे आहे ही एक अट पुरी होते. पण भारतात आणायची वापरलेली गाडी बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि तुमची आजच त्याच्या पुढे गेली. शिवाय कर जबर. तिला तिथेच चांगल्या माणसाच्या हाती द्या, सगळी बिलं फाइलमध्ये लावून. पुढच्या खरेदीदाराला त्याचाच आधार असतो.

मिळतच नाहीत असं मात्र नाही. 2015 मध्ये ऑडीने आरएस-6 अवांत भारतात अधिकृतपणे विकायला आणली होती. जुन्या बाजारात क्वचित एखादी निघते. ऑक्टाव्हियाची पहिली कोम्बीही आपल्याकडे विकली गेली. आणि त्याआधी, 1992 मध्ये, टाटा इस्टेट. माझे वडील टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) होते. चिंचवडला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी ती घेतली तेव्हा मागचं दार वर उचलून आम्ही सहा पोरं आत बसलो होतो, पाय बाहेर सोडून, आणि डॉक्टरांनी गल्लीच्या टोकापर्यंत, चालण्याच्या वेगाने, आम्हाला नेऊन आणलं होतं.